सुझीसारखे केस : एका ग्लॅम रॉक चाहतीचं प्रकरण

१९७० च्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. लॉस एंजेलिसमधल्या एका हॉटेलच्या लॉबीत एक शाळकरी मुलगी तासन्‌तास बसून होती. हॉटेलात रॉक गायिका सुझी क्वाट्रो उतरली होती आणि ती येता-जाता दृष्टीस पडावी, एवढ्यासाठी हे बसणं. मुलगी कोणासाठी आलीय हे कुणी विचारायची गरजच नव्हती. टाळूवर थर पाडून आखूड केलेले, मानेवर लांब सोडलेले तिचे केस हुबेहूब सुझीचे होते.

ही मुलगी म्हणजे जोन मेरी लार्किन. जन्म २२ सप्टेंबर १९५८, पेन्सिल्व्हेनिया. पुढे ती जोन जेट झाली, १९८२ मध्ये तिचं गाणं अमेरिकेत सलग सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि २०१५ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिचं नाव लागलं. हे सगळं जगजाहीर आहे. मला रस आहे तो लॉबीतल्या मुलीत. चाहती असताना तिने काय उचललं, कुठून उचललं आणि त्यातलं किती तिच्याजवळ टिकलं, हे पाहायचंय.

ग्लॅम रॉकने, म्हणजे चमकी-काजळ लावून मंचावर येणाऱ्या गायकांच्या रॉकने, तरुण चाहत्यांना कसं घडवलं हा विषय निघाला की सहसा मुलांची उदाहरणं दिली जातात. ६ जुलै १९७२ ला बीबीसीवर गाता गाता इंग्लिश गायक डेव्हिड बोवीने गिटारिस्ट मिक रॉन्सनच्या खांद्यावर हात टाकला आणि ते पाहणाऱ्या कितीतरी इंग्लिश मुलांना घरातल्या घरात धीर आला. पुढच्या दशकातले अनेक गायक त्याच टीव्हीसमोर बसलेले होते. ती कहाणी खरीच आहे. पण जोनचं प्रकरण मला अधिक मोलाचं वाटतं, कारण ती मुलगी होती आणि ग्लॅम रॉक मुलींना डोळ्यांसमोर ठेवून झालेलाच नव्हता.

मुलांना जे मिळालं

मार्च १९७१ मध्ये टी. रेक्स या बँडचा गायक मार्क बोलन डोळ्यांखाली चमकी लावून 'टॉप ऑफ द पॉप्स' या कार्यक्रमात आला. ग्लॅमची सुरुवात बहुतेक जण तिथून धरतात. तोवर रॉक म्हणजे दाढी, विटकी जीन्स आणि संपता न संपणारं गिटारवादन असं होऊन बसलं होतं. बोलनने तीन-चार मिनिटांची, पाय आपटायला लावणारी गाणी परत आणली आणि त्यासोबत साटन, काजळ, बायकी बूट. मागोमाग बोवी, स्लेड, स्वीट, रॉक्सी म्युझिक. मंचावर सगळे पुरुष, आणि त्यांनी हात घातला होता बायकांच्या कपाटात.

मराठी माणसाला पुरुषाच्या नटण्याचं नवल नसावं. बालगंधर्वांनी नेसलेली साडी आणि घातलेली नथ पाहून घरोघरच्या बायका तशा नटू लागल्या, हे आपण आजी-पणजीपासून ऐकत आलोय. पण बालगंधर्व स्त्रीची भूमिका करत होते. बोलन आणि बोवी पुरुष म्हणूनच उभे होते आणि नटलेले होते. वयात येणाऱ्या, वर्गातल्या दांडगट पोरांना घाबरून असलेल्या मुलाला त्यातून केवढा मोकळा श्वास मिळाला असेल, हे सांगायला नको.

मुलीचं काय? लिपस्टिक तिच्याकडे होतीच. टाचाही होत्या. ती चमकी लावून बाहेर पडली असती तर लोक म्हणाले असते, छान दिसतेस. तिला मनाई होती ती वेगळ्याच गोष्टींची. मोठ्ठा आवाज करायची, घामाने निथळायची, पाय फाकवून उभं राहायची आणि मांडीपर्यंत लोंबणारं वाद्य दणकून वाजवायची. पुरुषांनी उंबरा ओलांडून बायकांच्या बाजूला येणं हे ग्लॅममध्ये पराक्रमाचं ठरलं. बाईने उलटी वाट धरायची तर समोर कुणी नव्हतं. एक अपवाद सोडून.

एक आकार, सगळे सूर

त्या अपवादाकडे जाण्याआधी गिटारकडे जाऊ. कारण गिटार आधी आली.

कुटुंब मेरीलँडमधल्या रॉकव्हिलला राहत असताना जोनने घरी गिटारचा हट्ट धरला, आणि तो साध्या नाही तर इलेक्ट्रिक गिटारचा. नाताळची भेट म्हणून आली ती सिल्व्हरटोन. सीअर्स या मोठ्या दुकानाच्या स्वतःच्या छापाची, स्वस्तातली. जोन तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. ती शिकवणीला गेली आणि शिक्षकाला म्हणाली, मला रॉक अँड रोल शिकवा. शिक्षकाने सांगितलं, मुली रॉक अँड रोल वाजवत नाहीत. त्याने तिला एक जुनं लोकगीत वाजवायला दिलं. ती परत गेलीच नाही.

हा प्रसंग तिने नंतरच्या आयुष्यात असंख्य मुलाखतींत सांगितलाय आणि दरवेळी त्याला जोडून एक मुद्दा मांडलाय. शाळेत तिच्या आजूबाजूच्या मुली व्हायोलिन वाजवत होत्या, चेलो वाजवत होत्या, बाख आणि बीथोव्हन वाजवत होत्या. म्हणजे मुलींना वाद्य जमत नाही असं कुणाचं म्हणणं नव्हतंच. त्यांना रॉक अँड रोल वाजवायची परवानगी नव्हती. चौदाव्या वर्षी हा फरक इतका स्वच्छ कळणं ही साधी गोष्ट नाही. 'तुला येत नाही' असं ऐकलेलं मूल सराव करतं किंवा सोडून देतं. 'तुझ्यासारख्यांनी करायचं नाही' असं ऐकलेल्या मुलाला आधी स्वतःसारखं कोण आहे हे शोधावं लागतं.

तर पुस्तकावरून आणि रेकॉर्डवरून ती घरीच शिकली. टी. रेक्सचं एक गाणं, ब्लॅक सब्बाथचं एक, फ्री या बँडचं एक. सुई उचलायची, मागे ठेवायची, पुन्हा तोच तुकडा. इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घ्यावी लागते, कारण ग्लॅमचं आणि अशा मुलांचं गूळपीठ का जमलं ते त्यात आहे. पहिलं बोट गिटारच्या मानेवर सहाही तारांवर आडवं दाबायचं आणि बाकीच्या तीन बोटांनी त्याच्यापुढे एक ठरलेला आकार धरायचा. याला बार कॉर्ड म्हणतात. हा आकार एकदा हाताला बसला की तो तसाच मानेवर वर-खाली सरकवायचा. आकार एकच, सूर बदलत जातात. सुरुवातीला बोट दुखतं, आतल्या दोन तारा नीट वाजत नाहीत, नुसती खरखर येते. आठवडेच्या आठवडे जातात. आणि मग एक दिवस सहाही तारा एकदम बोलतात. बोलनची गाणी याच मापाची होती. वीस मिनिटांच्या गिटारवादनासमोर चौदा वर्षांची मुलगी नुसती बघत बसते. बोलनच्या गाण्यासोबत ती खोलीचं दार लावून वाजवू शकते. ग्लॅमचे कपडे महागडे, अशक्य वाटायचे, पण गाणी हाताच्या अंतरावर होती.

काळ्या चामड्याची बाई

सुझी क्वाट्रो मूळची डेट्रॉइटची, जन्म ३ जून १९५०. सहा वर्षांची असताना तिने टीव्हीवर एल्व्हिस प्रेस्लीला पाहिलं आणि आपण हेच करायचं असं ठरवलं. हा मुलगा आहे आणि मी मुलगी आहे, हा विचार तेव्हा आपल्या मनाला शिवलाच नाही, असं ती सांगत आलीय. १९६४ मध्ये बहिणींनी मिळून मुलींचा बँड काढला. बाकीच्यांनी आपापली वाद्यं पटापट निवडली आणि सुझीच्या वाट्याला उरलं ते बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार. वडील स्वतः वादक; त्यांनी तिला आपल्याजवळचं फेंडर प्रिसिजन बेस दिलं. चौदा वर्षांच्या, बुटक्या चणीच्या मुलीच्या अंगावर ते धूड.

१९७१ मध्ये मिकी मोस्ट या इंग्लिश निर्मात्याने तिला ऐकलं आणि लंडनला नेलं. कपडे काय घालायचे असा प्रश्न आला तेव्हा सुझी म्हणाली, चामडं. मोस्टच्या मते चामडं जुनं झालं होतं. ती ऐकेना, तिच्या डोळ्यांसमोर एल्व्हिस होता, १९६८ च्या टीव्ही कार्यक्रमातला, नखशिखान्त काळ्या चामड्यातला. अखेर अंगाला चिकटून बसणारा एकसंध चामडी पोशाख ठरला. जून १९७३ मध्ये 'कॅन द कॅन' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, फेब्रुवारी १९७४ मध्ये आणखी एक गाणं. सगळे पुरुष चमकत असताना मधोमध ही एक बाई न चमकणारी, साध्या चामड्यात, ओरडून गाणारी. मागे तीन दांडगे वादक पुरुष. ग्लॅमच्या झगमगाटात तिने बाहेरून काही आणलं असेल तर तो अंधार.

अमेरिकेत मात्र तिला कुणी विचारत नव्हतं. ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रेलियात गाजलेली तिची गाणी तिच्याच देशात वर चढली नाहीत. १९७७ मध्ये टीव्ही मालिकेतल्या भूमिकेमुळे अमेरिकेला ती कळली आणि १९७९ मध्ये एका हळव्या युगलगीताने तिला तिथे चौथा क्रमांक मिळवून दिला. जोनच्या चाहतेपणाच्या काळात हे काहीच झालं नव्हतं. ज्या वयात वर्गातल्या सगळ्यांना आवडतं ते आपल्यालाही आवडावं अशी मुलांची धडपड असते, त्या वयात या मुलीने जी निवडली तिचं नाव वर्गात कुणाला माहीत असण्याची शक्यता फार थोडी. खोलीच्या भिंतीवर मात्र सुझीच सुझी.

आरशांची खोली

आवड भिंतीवर राहिली असती तर हे प्रकरण इथेच संपलं असतं. पण घर कॅलिफोर्नियाला हललं, लॉस एंजेलिसच्या पूर्वेला वेस्ट कोव्हिनाला, आणि थोड्याच काळात आई-वडील वेगळे झाले. तिथून ४० किलोमीटरच्या आसपास, सनसेट बुलेव्हार्डवर, रॉडनी बिंगेनहायमरचा इंग्लिश डिस्को हा नाचायचा क्लब होता. १९७२ च्या अखेरीस सुरू झालेला, १९७५ मध्ये बंद पडलेला. जोनने त्याच्याबद्दल मासिकांत वाचलेलं होतं. ती बस पकडून तिथे जाऊ लागली.

जागा लहान. भिंतींना आरसे, मधे नाचायला थोडी फरशी, इंग्लिश बिअर, आणि अमेरिकेच्या रेडिओवर न लागणारी ब्रिटिश गाणी: स्वीट, स्लेड, बोवी, टी. रेक्स आणि अर्थात सुझी. सगळी पोरं पंधरा-सोळाची. मला त्या आरशांचं महत्त्व फार वाटतं. घरच्या आरशात माणूस एकटा दिसतो. रॉडनीच्या आरशात जोनला स्वतःभोवती तशाच नटलेल्या, तसेच केस कापलेल्या आणखी वीसजणी दिसत असतील. तिचं वेड तिथे वेड राहत नव्हतं, ती तिथली रीत होती.

त्या जागेबद्दल हळवं होऊन लिहिणं सोपं आहे आणि तसं पुष्कळ लिहिलं गेलंय. पण तिथे अल्पवयीन मुली होत्या आणि त्यांच्यावर डोळा ठेवून येणारे प्रौढ, नावाजलेले पुरुष होते. आज त्या दिवसांकडे पाहताना हे डोळ्याआड करून चालत नाही. मुलींना स्वतःचं रूप सापडलं आणि त्यांचा गैरफायदा घेतला गेला, दोन्ही त्याच खोलीत. त्याच वर्तुळात जोनला किम फाउली भेटला. पस्तिशी ओलांडलेला निर्माता. त्याच्या मध्यस्थीने 'द रनअवेज' हा मुलींचा बँड उभा राहिला. २०१५ मध्ये, फाउलीच्या मृत्यूनंतर, बँडची बेसिस्ट जॅकी फॉक्स हिने त्याने आपल्यावर बलात्कार केल्याचं जाहीर केलं. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. जोनच्या घडणीची गोष्ट सांगताना ही बाजू गाळणारे लेख मी वाचलेत, आणि मला ते अप्रामाणिक वाटतात.

नक्कल

आता केसांकडे येऊ.

चमकी रात्रीची असते. घरी येऊन साबणाने तोंड धुतलं की सकाळी शाळेत जाणारा चेहरा जसाच्या तसा. टाचांचे बूट पलंगाखाली सरकवता येतात. केस मात्र कापले की कापले. टाळूवरचे आखूड थर उभे राहतात, कानांसमोरच्या बटा टोकदार होतात, मानेवरचे तसेच रुळत राहतात. आणि हे डोकं सोमवारी सकाळी गणिताच्या तासाला सोबत जातं, किराणा दुकानात जातं, नातेवाइकांकडे जातं. शिवाय मुलीने मान झुकवून बेस किंवा गिटार वाजवली की हे केस पुढे येऊन चेहरा झाकतात आणि मान झटकली की मागे जातात. उभ्या राहण्याची, मान झटकण्याची एक सवय त्यांच्याबरोबर आपोआप लागते. जोनच्या बाबतीत ग्लॅमने केलेलं पहिलं कायमचं काम हेच, असं माझं मत आहे. रात्रीपुरतं न राहता ते दिवसाच्या अंगावर आलं.

याला नक्कल म्हणायचं का? म्हणावं, आणि न लाजता म्हणावं. आपल्याकडे गायकाच्या घडणीत नक्कल ही पहिली पायरी असते हे संगीत शिकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवत आणि लोक थक्क होत. मग देवधर मास्तरांकडे शिकणं झालं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी त्यांचं म्हणून ओळखलं जाणारं गाणं आलं. लहानपणी दुसऱ्याचं इतकं अचूक उचलल्यामुळे त्यांचं स्वतःचं काही हरवलं, असं कुणी म्हणत नाही. पॉप संगीताच्या चाहत्याला मात्र आपण पटकन 'स्वतःचं काही नाही का?' असं विचारतो. विशेषतः चाहती मुलगी असली तर.

आणि नक्कल कुठे सुटते, तेही या प्रकरणात स्पष्ट दिसतं. सुझी बेस वाजवायची. जोनने गिटार सोडली नाही. ज्या मुलीच्या खोलीत सुझीशिवाय दुसरं काही नाही तिने बेस मागायला हवा होता, पण सिल्व्हरटोन सुझीच्या आधी घरात आली होती, बार कॉर्ड बोटांत बसला होता. सुझीची गाजलेली गाणी चिन आणि चॅपमन ही पुरुषांची जोडी लिहीत होती. जोनने सोळा-सतराव्या वर्षापासून स्वतः लिहायला घेतलं. नावही तिने बदललं: लार्किनची जेट झाली.

१९७५ च्या उन्हाळ्यात जोन गिटार घेऊन, बसमागून बस बदलत हंटिंग्टन बीचला सँडी वेस्ट नावाच्या ड्रमवादक मुलीच्या घरी पोचली. दोघी वाजवत बसल्या आणि त्यांनी फाउलीला फोनवरून ते ऐकवलं. मग बाकीच्या जमल्या. गिटारवादक लिटा फोर्डचा देव डीप पर्पल बँडचा गिटारिस्ट रिची ब्लॅकमोर होता. शेरी करी बोवीसारखा चेहरा रंगवून शाळेच्या कार्यक्रमात उतरलेली. गायिका म्हणून तिची परीक्षा घ्यायची ठरली तेव्हा ती सुझी क्वाट्रोने गायलेलं एक गाणं तयार करून आली होती, पण ते संथ निघालं आणि बँडचा विरस झाला. मग जोन आणि फाउलीने तिथल्या तिथे तिच्यासाठी नवं गाणं रचलं. तेच 'चेरी बाँब', रनअवेजचं सर्वांत गाजलेलं गाणं. चाहत्यांच्या भिंतींवरची पोस्टरं खाली उतरून एका खोलीत वाजवू लागावीत तसा तो बँड होता. अमेरिकेत त्यांची टिंगल झाली, जपानमध्ये १९७७ च्या दौऱ्यात त्या डोक्यावर घेतल्या गेल्या, १९७९ मध्ये बँड फुटला.

टीव्हीवरचं गाणं

या प्रकरणातला मला सर्वांत प्रिय भाग १९७६ चा आहे. रनअवेज इंग्लंडच्या दौऱ्यावर होत्या. तिथे जोनने टीव्हीवर 'द अ‍ॅरोज' नावाच्या बँडचा कार्यक्रम पाहिला आणि त्यात एक गाणं ऐकलं: 'आय लव्ह रॉक अँड रोल'. अ‍ॅलन मेरिल आणि जेक हूकर यांनी लिहिलेलं, १९७५ मध्ये निघालेलं, फारसं न चाललेलं. हे गाणं कुणी काढलं होतं? मिकी मोस्टने, त्याच्या रॅक रेकॉर्ड्सकडून. सुझीला डेट्रॉइटहून लंडनला नेणारा तोच मोस्ट, सुझीच्या रेकॉर्डवर छापलेलं तेच नाव. जोनचा कान पुन्हा त्याच घरी गेला. हे तिला तेव्हा ठाऊक होतं की नव्हतं, याने मला फरक पडत नाही. चाहत्याचा कान असाच घडतो: एका आवाजाच्या धाटणीवर जीव जडला की त्या घराण्याचं दुसरं कुणी गात असलं तरी मान आपसूक वळते.

रनअवेजमधल्या बाकीच्या मुलींना ते गाणं करावंसं वाटलं नाही. बँड फुटल्यावर १९७९ मध्ये जोन इंग्लंडला गेली आणि सेक्स पिस्टल्स या इंग्लिश पंक बँडच्या स्टीव्ह जोन्स आणि पॉल कुकला घेऊन तिने ते ध्वनिमुद्रित केलं. फारसं कुणाच्या कानावर पडलं नाही. अमेरिकेत केनी लगुना हा निर्माता तिच्यामागे उभा राहिला. २३ कंपन्यांनी आपल्याला नकार दिला असं ती दोघं सांगतात. शेवटी दोघांनी ब्लॅकहार्ट हे स्वतःचं लेबल काढलं आणि लगुनाच्या गाडीच्या डिकीतून रेकॉर्ड विकल्या. मग ब्लॅकहार्ट्स हा बँड जमला, गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित झालं आणि २० मार्च १९८२ ला पहिल्या क्रमांकावर गेलं.

त्या वेळच्या अमेरिकन श्रोत्याने त्याला हार्ड रॉक म्हटलं, कुणी पंक, म्हणजे कच्चं, उद्धट रॉक, म्हटलं. माझ्या कानाला ते अस्सल ग्लॅम आहे, अमेरिकेने सात-आठ वर्षांपूर्वी न घेतलेलं. सुझीचं 'कॅन द कॅन' लावा आणि लगेच हे लावा. ड्रमचा तोच कवायतीसारखा, घाई न करणारा ठोका. प्रत्येक ओळीनंतर सोडलेली मोकळी जागा. खोलीतल्या कुणालाही सुरात न गाता ओरडता येईल असं धृपद. आणि टाळ्या. पंकमध्ये टाळ्यांना जागा नव्हती, हार्ड रॉकला त्या पोरकट वाटायच्या. ग्लॅम मात्र टाळ्यांवरच उभं होतं, कारण ते मैफिलीतल्या शेवटच्या रांगेतल्या पोरासाठी केलेलं संगीत होतं. जोनने चमकी कधीच टाकून दिली होती, पण टाळ्या ठेवल्या.

शब्दांतही तिने हात घातला. अ‍ॅरोजच्या गाण्यात मुलाला ज्यूकबॉक्सपाशी, म्हणजे नाणं टाकलं की गाणं वाजवणाऱ्या यंत्रापाशी, मुलगी दिसते. जोनने ते फिरवलं: मुलीला मुलगा दिसतो आणि पुढाकार मुलगीच घेते. त्याच वर्षी तिने टॉमी जेम्सचं एक जुनं प्रेमगीत गायलं, तिथे मात्र पुरुषाने स्त्रीबद्दल म्हटलेले शब्द तिने जसेच्या तसे ठेवले, 'ती'चा 'तो' केला नाही. अमेरिकेत ते सातव्या क्रमांकावर गेलं. ग्लॅमच्या पुरुषांनी जे काजळाने केलं ते जोनने सर्वनामांनी केलं. तिने याचं स्पष्टीकरण देत बसणं टाळलं, आणि मला ते योग्य वाटतं. बोवीच्या त्या खांद्यावरच्या हाताने धीर मिळालेल्या मुलांसारखाच धीर एखाद्या मुलीला त्या न बदललेल्या शब्दातून मिळाला असणार.

ग्लॅमचा वारसा घेताना विष वेगळं करता येतंच असं नाही. जोनने त्याच काळात गॅरी ग्लिटरचं एक गाणं गायलं, तेही गाजलं. ग्लिटर १९९९ मध्ये इंग्लंडमध्ये मुलांची अश्लील चित्रं बाळगल्याबद्दल आणि २००६ मध्ये व्हिएतनाममध्ये दोन लहान मुलींच्या लैंगिक अत्याचाराबद्दल दोषी ठरला. २०१५ मध्ये त्याला जुन्या गुन्ह्यांसाठी १६ वर्षांची शिक्षा झाली. ते गाणं आज लागलं की मी ते पुढे सरकवतो. तिच्या आवाजात ते वेगळं होतं हे कबूल करूनही सरकवतो.

हात पुढे

१९७९ मध्येच, स्वतःचा बँड फुटून हाती काही नसताना, जोनने लॉस एंजेलिसच्या जर्म्स या पंक बँडचा एकमेव अल्बम निर्माती म्हणून करून दिला. त्या बँडची पोरंही बोवीच्या गाण्यांवर पोसलेली होती. १९९३ मध्ये बिकिनी किल या मुलींच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या बँडसाठी तिने तीन गाण्यांची छोटी रेकॉर्ड केली, स्वतः गिटार वाजवली, मागे आवाज दिला. त्यातलं 'रेबेल गर्ल' हे गाणं शेजारच्या बंडखोर मुलीवर भाळलेल्या मुलीचं आहे: तिच्यासारखं चालावं, तिची मैत्रीण व्हावं, तिचे कपडे अंगावर चढवून पाहावेत असं वाटणाऱ्या मुलीचं.

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत हे गाणं चालू असताना काचेपलीकडे पस्तिशीची जोन जेट बसलेली. काळे कपडे. केस टाळूवर आखूड, मानेवर लांब.